एक तोळ्याची गोळी

बंदुकीच्या गोळीवर लिहायला बसलेला निवृत्त मास्तर पाहून नेहमीच्या वाचकांना थोडे नवल वाटेल. नातेवाईक मंडळी तर फोनच करतील. म्हणून हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगून टाकतो.

माझी लेक अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहते. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर आला की निम्म्या लोकांच्या तोंडी एकच विषय असतो, तो म्हणजे एल्कची शिकार. माझा नातू आता सोळा वर्षांचा आहे. त्याने तिथला शिकारीचा सरकारी कोर्स केला. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही हा कोर्स केल्याशिवाय तिथे परवाना मिळत नाही. (म्हणजे या वयात मीही त्यातून सुटत नाही!) मित्राचे वडील त्याला बरोबर न्यायला तयार आहेत. लेकीला मात्र हे मुळीच पसंत नाही. आमच्या घरात माझ्या आजोबांपासून गळ्यात माळ. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला समजवा." नातवाला परवानगीची चिंताच नव्हती, त्याचा प्रश्न वेगळाच होता. "आजोबा, एल्कसाठी .२७० बरी की .३०० मॅग्नम?"

इतिहासाच्या मास्तरला कुठलाही प्रश्न विचारा, तो आधी विचारणार की हा प्रश्न आला कुठून? गेले दोन महिने मी तेच वाचत होतो. आणि वाचता वाचता असे लक्षात आले की मायलेकांचे दोन वेगळे वाटणारे प्रश्न मुळात एकच आहेत. ते कसे, ते ओघात येईलच.

आधी एल्क म्हणजे काय ते पाहू. हे एक प्रचंड हरीण. आपले सांबर ज्यांनी ताडोब्याला किंवा मेळघाटात पाहिले असेल त्यांनी त्याहून थोराड, मानेवर गडद केसांची आयाळ असलेला आणि डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगे मिरवणारा प्राणी डोळ्यांसमोर आणावा. नर तीनशे किलोच्या आसपास भरतो, कधी त्याहून जास्त. काश्मीरचा हंगुल हा त्याचा भाऊबंद. नावाची एक गंमत आहे. युरोपात एल्क म्हणतात ते मूस या वेगळ्याच जनावराला. इंग्रज अमेरिकेत आले, त्यांनी हे मोठे हरीण पाहिले आणि घरून आणलेले नाव त्यालाच चिकटवून टाकले. तिथल्या शॉनी लोकांचा शब्द आहे वापिटी, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. मागून पळताना पाहिले की हेच नाव जास्त पटते.

गोरे लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे एक कोटी एल्क असावेत असा अंदाज सांगतात. १९०० च्या सुमारास एक लाखही उरले नव्हते. मांसासाठी मारले, कातड्यासाठी मारले, आणि शेवटी शेवटी तर दातांसाठी मारले. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. १८६८ मध्ये न्यूयॉर्कला 'एल्क्स' नावाची एक बंधुमंडळी स्थापन झाली होती. तिचे सभासद हे दात घड्याळाच्या साखळीला लटकवून मिरवत. दोन दातांसाठी तीनशे किलोचे जनावर मारायचे आणि बाकीचे तिथेच टाकून जायचे! पुढे या मंडळाने स्वतःच ही प्रथा सोडून दिली, पण तोवर फार नुकसान झाले होते.

आता बंदुकीकडे वळू. एकोणिसाव्या शतकातल्या काडतुसांची नावे वाचायला सोपी होती. .४५-७० म्हणजे नळीचा व्यास एका इंचाचे पंचेचाळीस शतांश आणि आत काळी दारू सत्तर ग्रेन. हे अमेरिकन सैन्याचे १८७३ चे काडतूस. ग्रेन हे वजन मुळात धान्याच्या दाण्यावरून आलेले, जसे आपले सोनार गुंजेवरून सोने तोलत तसेच. इथे मला एक मजेदार मेळ सापडला. ब्रिटिश अमदानीत आपला तोळा पक्का ठरवला गेला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे सोनाराचा तोळा आणि अमेरिकन शिकाऱ्याची गोळी एकाच मापाने तोलता येतात! त्या .४५-७० ची गोळी ४०५ ग्रेनची होती, म्हणजे नेमकी सव्वादोन तोळ्यांची. शिशाचा हा गोळा सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास जाई. वेग बेताचा, म्हणून वजन मोठे. जनावर मोठे तर गोळी मोठी, असे साधे गणित होते ते.

हे गणित मोडले फ्रान्समध्ये. १८८४ मध्ये पॉल व्हिएल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू तयार केली. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरदार होती. दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हातात आठ मिलिमीटरची लेबेल रायफल आली आणि युरोपातल्या सगळ्या सैन्यांनी आपापल्या जाड नळ्या मोडीत काढल्या. गोळी बारीक झाली, हलकी झाली, आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. आघाताची ऊर्जा वजनाबरोबर एकपट वाढते, पण वेगाच्या वर्गाने वाढते. नववीच्या भौतिकशास्त्रातले हे सूत्र आठवत असेल. त्यामुळे बारीक गोळी जाड गोळीला भारी पडू लागली.

पण एक अडचण निघाली, आणि तिचा संबंध थेट आपल्या देशाशी आहे. इंग्रजांनी १८८८ मध्ये .३०३ रायफल घेतली. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत त्यांच्या सैनिकांची तक्रार आली की ही बारीक, वरून कवच चढवलेली गोळी समोरच्या माणसाच्या आरपार जाते, पण तो धावतच येतो! यावर कलकत्त्याजवळच्या डमडम इथल्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने उपाय काढला. गोळीच्या टोकावरचे कवच काढून आतले मऊ शिसे उघडे ठेवले. लागताच ते टोक फुलासारखे उमलते आणि आत मोठी जखम करते. वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांवर तिचा वापर झाला. जगभर ओरड झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा ठराव झाला. इंग्लंडने तो मान्य करायला १९०७ साल उजाडले.

आता पुढची गोष्ट वाचून मी चष्मा काढून स्वस्थ बसलो. कोलोरॅडोच्या आजच्या कायद्यात एल्कसाठी पसरणारी गोळीच वापरायची सक्ती आहे! जी गोळी माणसावर झाडणे क्रूर म्हणून बंद केली, तीच जनावरावर न झाडणे क्रूर ठरते. थोडा विचार केला तर यात विसंगती नाही. युद्धात शत्रू जखमी होऊन बाजूला पडला तरी काम भागते, त्याला दवाखान्यात नेणारे कोणी असते. जंगलात जखमी एल्कला कोणी नाही. पोटात गोळी घेऊन तो मैलोन्‌मैल जातो आणि कुठल्या तरी घळीत दोन दिवसांनी मरतो. म्हणून तिथे दया म्हणजे लवकर मरण. कायद्याचे बाकीचे आकडेही याच हिशेबाने आहेत. नळी .२४ पेक्षा बारीक नको, गोळी किमान ८५ ग्रेनची (अर्ध्या तोळ्याला थोडी कमी), आणि शंभर यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा.

कायद्याने किमान किती ते सांगितले. योग्य किती, यावर मात्र तिकडे शंभर वर्षे भांडण चालू आहे.

१८९५ मध्ये .३०-३० आली, विंचेस्टर कंपनीच्या १८९४ च्या रायफलसाठी. घोड्याच्या खोगिराला लटकवून नेता येणारी ही सुटसुटीत बंदूक लाखोंनी खपली आणि गुराख्यांनी जवळून तिनेच एल्क मारले. मग आली .३०-०६. यातला '०६' म्हणजे १९०६ साल. जर्मनांची नवी टोकदार गोळी पाहून अमेरिकन सैन्याने आपल्या १९०३ च्या काडतुसात फेरफार करून हे काडतूस तयार केले. सैनिकांनी पहिल्या महायुद्धात ते वापरले आणि घरी आल्यावर त्याच ओळखीच्या काडतुसाने शिकार करू लागले. शिकाऱ्यांना एल्कसाठी त्यातली गोळी आवडली ती १८० ग्रेनची. म्हणजे काय? बरोबर एक तोळा! ही तोळ्याची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर जाते. तिकडच्या कित्येक घरांत आजोबांची .३०-०६ नातवाकडे येते, आपल्याकडे पाटल्या सुनेकडे जातात तशी.

१९२५ मध्ये .२७० निघाली. हे .३०-०६ चेच काडतूस, फक्त मान आवळून बारीक केलेली. गोळी १३० ग्रेनची, पाऊण तोळ्यालाही कमी, पण वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या वर. आणि इथूनच ते प्रसिद्ध भांडण सुरू झाले.

एका बाजूला जॅक ओ'कॉनर (१९०२-१९७८). ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारितेचे प्राध्यापक, उत्तम गद्य लिहिणारे, 'आउटडोअर लाइफ' मासिकात वर्षानुवर्षे बंदुकांचे सदर चालवणारे. त्यांची लाडकी .२७०. दुसऱ्या बाजूला एल्मर कीथ (१८९९-१९८४). लहानपणी हॉटेलच्या आगीत भयंकर भाजलेले, पुढे आयडाहोत घोडी-गुरे सांभाळणारे, पाहुण्या शिकाऱ्यांना डोंगरात वाटाड्या म्हणून नेणारे. त्यांचे म्हणणे असे की एल्कला .३३ च्या खाली काही चालत नाही आणि गोळी २५० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ एक तोळा साडेचार मासे, हवी. पुढे ओ'कॉनरही आयडाहोतच राहायला गेले, म्हणजे हे भांडण एकाच राज्यातल्या दोन घरांत आले. त्यांचे वाचकही दोन संप्रदायांसारखे वाटले गेले. आपल्याकडे गडकरी मोठे की कोल्हटकर यावर जसे चहाचे कप थंड होत, तसेच.

दोघांचे म्हणणे शांतपणे वाचले तर दिसते की त्यांच्या मनातला शिकारीच वेगळा आहे. ओ'कॉनरचा शिकारी थांबतो. एल्क आडवा उभा राहीपर्यंत, पुढच्या पायामागची फुप्फुसाची जागा मोकळी दिसेपर्यंत तो घोड्याला बोट लावत नाही. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेली तर ती पाऊण तोळ्याची असली काय नि दीड तोळ्याची असली काय, जनावर काही क्षणांत पडते. कीथने मात्र पाहुण्यांना जवळून पाहिले होते. वर्षभर शहरात राहिलेला माणूस, दमलेला, धापा टाकणारा, आठवड्याचा शेवटचा दिवस, आणि एल्क पाठ फिरवून झाडीत शिरतो आहे. हा माणूस गोळी झाडणारच! मग ती मागच्या बाजूने शिरून, पोट ओलांडून, फुप्फुसापर्यंत पोचली पाहिजे. त्यासाठी जड, जाड गोळी हवी.

म्हणजे भांडण गोळीचे नव्हतेच, ते माणसाच्या धीराचे होते. एकाचा विश्वास होता की माणूस थांबायला शिकतो. दुसऱ्याचा अनुभव होता की तो थांबत नाही, म्हणून निदान हत्यार तरी मोठे द्या. शाळेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे दोन्ही पक्ष चांगले ओळखीचे आहेत. शिक्षकांच्या खोलीत याच दोन मतांचे लोक समोरासमोर बसत.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाजाराने कीथची बाजू घेतली. १९५८ मध्ये .३३८ विंचेस्टर मॅग्नम, १९६२ मध्ये ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम, १९६३ मध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नम. मॅग्नम हा शब्द मुळात मद्याच्या मोठ्या बाटलीचा. दोन्हीकडे दारूच जास्त! पण दारू वाढली की खांद्याला बसणारा धक्काही वाढतो. कॉलेजात एनसीसीत .३०३ हाताळलेल्या माझ्या पिढीला हे सांगायला नको. आमच्या तुकडीतली निम्मी मुले आवाज होण्याआधीच डोळे मिटून खांदा चोरत, आणि गोळी फळ्याऐवजी मागच्या मातीत जाई. .३३८ चा धक्का त्याहून बराच मोठा. ज्या चुकीची भरपाई म्हणून मोठी बंदूक घ्यावी, तीच चूक मोठी बंदूक करायला लावते. ओ'कॉनरच्या पत्नी एलिनॉर याही शिकारी होत्या. त्यांची आवडती रायफल ७×५७ माउझरची, हलक्या धक्क्याची. त्याच काडतुसाला इंग्रज .२७५ रिग्बी म्हणत. १९२६ मध्ये जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो याच जातीच्या रायफलने.

यात तिसरी बाजूही आहे. १९४६ मध्ये ऑरेगनचे जॉन नॉस्लर कॅनडात मूसच्या शिकारीला गेले होते. हातात .३०० ची जोरदार मॅग्नम रायफल. मूसच्या अंगावर चिखल वाळलेला, आणि गोळ्या वरच्यावर फुटून जात, आत पोचेनात. घरी येऊन त्यांनी दोन कप्प्यांची गोळी बनवली. मध्ये तांब्याच्या धातूची आडभिंत, पुढचा कप्पा उमलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. १९४८ पासून ही 'पार्टिशन' गोळी विकली जाऊ लागली. मग लोकांच्या ध्यानात आले की नळीच्या आकड्यावर जेवढे भांडलो त्याच्या निम्मे तरी लक्ष गोळीच्या घडणीवर द्यायला हवे होते. पुढे नुसत्या तांब्याच्या गोळ्याही आल्या, त्यामागे आणखी एक कारण आहे. शिकारी जनावर जागेवर साफ करतो आणि आतडी तिथेच टाकतो. त्यातले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियाचे कॉन्डॉर गिधाड मरू लागले. १९८२ मध्ये ते जगात फक्त २२ उरले होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. आपल्याकडे गुरांच्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडे गेली, आणि २००६ मध्ये ते औषध बंद करावे लागले. दोन्हीकडे मारायचे होते एक किंवा वाचवायचे होते एक, आणि मेले तिसरेच.

अलीकडे म्हणजे २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर हे काडतूस आले. नाव न्यूयॉर्कजवळच्या १८७३ च्या जुन्या नेमबाजी मैदानाचे. गोळी १४० ग्रेनच्या आसपास, धक्का सौम्य, नेम अचूक. एल्कला ती पुरते का यावर नवे भांडण जुन्याच शब्दांत चालू आहे. लांबून नेम लागतो म्हणून पाचशे-सहाशे यार्डांवरून झाडणारेही निघाले आहेत. गोळी तिथे पोचेपर्यंत तिची जवळपास निम्मी ऊर्जा संपलेली असते, आणि मधल्या अर्ध्या-पाऊण सेकंदात एल्क एक पाऊल पुढे टाकतो. फुप्फुसावर धरलेला नेम पोटात बसायला एक पाऊल पुरते.

हे सगळे नातवाला लिहून कळवले. त्याला म्हटले, .२७० घे, .३०-०६ घे, जी झाडताना तुझा खांदा चोरला जात नाही ती घे. गोळी चांगल्या घडणीची घे. आणि जायच्या आधी स्वतःला एकच विचार, समोर एल्क आहे, अंतर जास्त आहे, तो तिरका उभा आहे, परत संधी मिळणार नाही, अशा वेळी मी बंदूक खाली घेईन का? उत्तर 'हो' येत नसेल तर .३३८ नेही भागणार नाही. लेकीला लिहिले की मी स्वतः जनावरावर बंदूक धरणार नाही, आणि आपली माळ मला प्रिय आहे. पण कोर्सच्या पुस्तकात त्याला पहिल्यांदा शिकवले आहे ते केव्हा झाडू नये हे. ते जर तो शिकला तर पुढे जायचे की नाही हे त्याला ठरवू दे. मायलेकांचा प्रश्न एकच, असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठी. 'कोणती गोळी' आणि 'गोळी झाडावी का' हे दोन्ही शेवटी 'थांबता येते का' इथेच येऊन मिळतात.

एल्कचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९१२ मध्ये वायोमिंगमधल्या जॅक्सनला एल्कसाठी राखीव क्षेत्र झाले. तिथल्या आणि यलोस्टोनच्या कळपांतले एल्क पकडून कोलोरॅडोत आणून सोडले गेले. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरच्या कराचे (तो आज ११ टक्के आहे) पैसे वन्यजीवांच्या कामाला बांधून दिले. म्हणजे .२७० वाल्यानेही भरले आणि .३३८ वाल्यानेही भरले. आज एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, अमेरिकेच्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. आपण १९७२ च्या कायद्याने वेगळी वाट धरली आणि शिकारच थांबवली. आपली दाटी, आपली जंगले, आपला इतिहास पाहता ते योग्यच झाले असे मला वाटते. पण दोन्ही देशांनी हा निर्णय घेतला तो जवळपास सगळे संपल्यावर, हे मात्र सारखेच.

गोळी सव्वादोन तोळ्यांवरून तोळ्यावर आली, तोळ्यावरून पाऊण तोळ्यावर. दीडशे वर्षांत हत्यार इतके बदलले. एल्कच्या पुढच्या पायामागची ती फुप्फुसाची जागा मात्र जेवढी होती तेवढीच आहे.